दोरी आधी मी ओलांडली

आमच्या भागात माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. जहाजावर असताना मी माझ्या बहिणीच्या नवऱ्याला आगीच्या डोंगरातून ओढून बाहेर काढलं, अशी ती गोष्ट. उरणच्या बाजूच्या चार-पाच खाडीकाठच्या गावांत ती अजून चालते. लग्नाकार्यात कुणी माझी ओळख करून देतो तेव्हा हीच गोष्ट सांगतो, आणि ऐकणारा माझ्या पाया पडतो. ओढून काढलं हे खरं आहे. पण ते तिथे पडले कसे, हे मी जे सांगितलं ते खोटं होतं. त्या खोट्यापायी एका घराचा मान गेला, आणि ते घर माझ्याच बहिणीचं होतं. भावजी मागच्या पावसाळ्यात गेले. आता जे झालं ते झालं तसं लिहितो.

देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला मी मिठागरात पुरता कामाला लागलो होतो. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मिठाचं. पाऊस सरला की आधी वाफ्यांची जमीन तयार करायची. पाणी सोडून चिखल करायचा आणि बायका-पुरुषांनी रांगेने उभं राहून तो पायांनी तुडवायचा. टाचा मारून मारून ती जमीन अशी घट्ट व्हायची की वाळल्यावर वरून बैलगाडी गेली असती. मग खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवत आणायचं. उन्हाने ते दाट होत जायचं, दुधावर साय धरावी तसा वर पापुद्रा यायचा, तो खाली बसायचा आणि शेवटी पांढरा थर दिसू लागायचा. पाय कुठे टाकायचा हे आम्हाला रंगावरून कळायचं. करडं आणि चमकतं असेल तर थांबायचं. पांढरं आणि निस्तेज झालं, म्हणजे मीठ बसलं. मग खुशाल चालत जा. लहानपणापासून डोळ्यांना ही सवय लागलेली असते, तिच्याबद्दल कुणी विचार करत नाही.

माझी थोरली बहीण, तिला आम्ही बाय म्हणायचो, आतल्या बाजूच्या एका गावात दिली होती. डोंगराच्या पायथ्याशी भातशेती करणारं घर. भावजी उंच, हाडापेराने मोठे, बोलायला मात्र मऊ. मेव्हण्याची थट्टा करायची आमच्याकडे रीतच आहे, ती ते मनापासून पाळायचे. मला ते कधी नावाने हाक मारायचे नाहीत.

“ये खारट्या,” मी त्यांच्या अंगणात पाय ठेवला की सुरू व्हायचं. “बाय, जेवणात मीठ घालू नको गं आज. तुजा भाऊ आलाय, त्याचं बोट बुडव.”

“भावजी, भाताचा पेंढा खाऊन वाढलेल्या माणसाला चव कळते व्हय?” मी म्हणायचो, आणि बाय आतून दोघांनाही शिव्या घालायची.

त्या गावात चैत्रात गावदेवीची जत्रा भरते. देवीची पालखी निघते, घरोघरच्या अंगणात नाचवली जाते. पालखीच्या पुढच्या दांडीला उजवा खांदा द्यायचा मान भावजींच्या घराचा होता. त्यांच्या वडिलांनी तो खांदा दिला, मग लग्न झाल्यावर भावजींनी. मोठेपणा म्हणाल तर त्या घराकडे एवढाच होता. जमीन बेताची, घर कौलारू, पण जत्रेच्या दिवशी त्यांचे वडील ओट्यावर बसायचे ते राजासारखे. मी त्यांना मामा म्हणायचो.

पन्नास सालानंतर मी मिठागर सोडून जहाजावर गेलो. आमच्या किनाऱ्यावरचे बरेच जण तेव्हा खलाशी म्हणून जायचे. माणसं घ्यायचं काम सारंगाच्या हातात असायचं. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. आमचा सारंग खाली श्रीवर्धनकडचा, मुसलमान, दाढी पांढरी झालेला, आणि त्याचा शब्द म्हणजे शब्द. तो ओळखीचीच माणसं घ्यायचा आणि त्यांच्यासाठी वरच्या साहेबांना स्वतः जामीन राहायचा. दोन वर्षांनी मी भावजींसाठी शब्द टाकला.

“भातवाला? समुद्र बघितलाय का त्याने?” सारंग म्हणाला.

“चाचा, माझ्या बहिणीचा नवरा आहे. मी बघतो त्याच्याकडे.”

“तुझ्या भरवशावर घेतो. त्याला काय झालं तर मी तुला विचारीन, हां?”

हे त्याने हसत म्हटलं होतं.

आमचं जहाज खनिज माती घेऊन जपानला जायचं. एका फेरीत जहाजाचा पंखा बिघडला, आणि तिथल्या दक्षिणेकडच्या एका बेटावर जहाज सुक्या गोदीत चढवावं लागलं. बरेच दिवस काम नव्हतं. जहाजावर एक तरुण अधिकारी होता. अशा अधिकाऱ्याला आम्ही मालम म्हणायचो. त्याला डोंगरांचं वेड. बंदरापासून काही तासांवर जिवंत ज्वालामुखींचा मुलूख होता, आणि सरकारने तो सगळा राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला होता. लोक तिथे हौसेने पायी फिरायला जायचे. मालमाने ठरवलं की खलाशांनाही न्यायचं. वरच्या साहेबाने सांगितलं, सारंग जबाबदारी घेत असेल तर न्या. सारंगाने घेतली.

निघताना त्याने आम्हाला गोदीच्या दारात उभं केलं. “ऐका रे. तिथे वाटेला दोरी बांधलेली आहे म्हणतात. दोरीच्या आत चालायचं. बाहेर पाय टाकलात तर माझी जबान जाईल, आणि ज्याने टाकला त्याला मी पुन्हा कुठल्याच जहाजावर चढू देणार नाही. समजलं?”

“चाचा, जमिनीवर उतरलो तरी तुमचं जहाज सुटत न्हाय,” भावजी म्हणाले, आणि सारंगसुद्धा हसला.

सारंग आणि मालमही बरोबर होते. बस आम्हाला दाट झाडीतून वर घेऊन गेली. उंच, सरळसोट झाडं, खाली नेचे, धुकं. मग झाडी आखूड होत गेली, बुटका बांबू आला, आणि एका वळणानंतर काहीच उरलं नाही. करड्या राखेचे उतार, काळे दगड, आणि त्यांच्या मधून ठिकठिकाणी वर जाणारी वाफ. आम्ही उतरलो तर वास आला, अंडं नासल्याचा आणि काडेपेटीचा मिळून जसा येईल तसा. उद्यानाचा एक वयस्कर रखवालदार आमच्या पुढे झाला. त्याची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्याला. तो हाताने दाखवायचा. दोरी धरायचा, तिच्या आतल्या बाजूला बोट करायचा, मग बाहेरच्या बाजूला बोट करून मान हलवायचा. हे त्याने पुन्हा पुन्हा केलं. न समजण्यासारखं त्यात काहीही नव्हतं.

चढ फार नव्हता, पण चाल अवघड होती. राख पायाखालून घसरायची, दोन पावलं वर टाकली की एक खाली. एका कड्याशी नेऊन त्याने आम्हाला खाली बघायला लावलं. मोठा थोरला खड्डा, आमचा अख्खा गाव मावला असता. तळाला हिरवट पाणी, आणि कडेने पिवळे गंधकाचे पट्टे. आवाज मोठा नव्हता. मोठ्या टोपात काहीतरी शिजत असावं तसा, सतत, जमिनीच्या आतून. हात टेकला तर दगड कोमट. आमच्यातला एक जण राम राम म्हणत मागे सरकला. जहाजाच्या भंडाऱ्याने, म्हणजे स्वयंपाक्याने, वाफेच्या एका भोकाकडे बघून म्हटलं, “माझी चूल इथं लावा, जहाजाचा सगळा कोळसा वाचंल.” आणि खरंच, पुढे एका टपरीवर एक बाई टोपलीत अंडी घालून त्या वाफेवर उकडून विकत होती. आम्ही ती मीठ न लावता खाल्ली.

भावजींचं लक्ष दगडांकडे. “आमच्या गावामागचा डोंगर असाच काळा हाय,” ते मालमाला म्हणाले. मालमाने सांगितलं की आपला सह्याद्रीही फार जुन्या काळी असाच जमिनीतून वितळून बाहेर आलेला आहे.

भावजींनी जरा विचार केला. “म्हंजे आपला उतरवून ठेवलाय,” ते म्हणाले, “ह्यो अजून चुलीवर हाय.”

जेवणानंतर आम्ही दुसऱ्या बाजूने उतरायला लागलो. वाटेत एक लहानसं लाकडी देऊळ होतं, आपल्याकडे वेशीवर घुमटी असते एवढंच. त्याच्यापुढे जाड दोर बांधलेला आणि दोराला पांढऱ्या कागदाच्या घड्या लोंबत होत्या. रखवालदाराने वाकून नमस्कार केला, टाळ्या वाजवल्या आणि पुढे निघाला. आम्ही बाकीचे नुसतेच उभे राहिलो. भावजी मात्र खाली बसले, त्यांनी बुटांचे बंद सोडले, बूट काढून बाजूला ठेवले आणि अनवाणी पायांनी त्या घुमटीपुढे गेले. हात जोडून बराच वेळ उभे राहिले.

“तापलीय जमीन,” परत येऊन म्हणाले. “देवी जागी हाय.”

हे मी मुद्दाम सांगतो आहे. त्या दिवशी आमच्यापैकी फक्त त्यांनी बूट काढले होते. मी काढले नव्हते.

बूट जहाजावरचे, कडक, घोट्याच्या वरपर्यंतचे. शेतकऱ्याच्या पायांना त्यांची सवय नव्हती. बंद ओवायला त्यांना वेळ लागला. तोवर बाकीची मंडळी पुढे गेली. मी त्यांच्यासाठी थांबलो होतो आणि चिडलो होतो, कारण खाली पोचल्यावर गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ करायला मिळणार होती आणि मला पहिला नंबर हवा होता. एवढंच कारण होतं.

तिथून पुढे वाट एका सपाट जागेला मोठा वळसा घालून जात होती. वाटेच्या दोन्ही अंगांना खुंट्यांवर दोरी. पलीकडे आमची माणसं चालताना दिसत होती, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. मधली जागा पांढरी होती. कडेला थोडी वाफ होती, पण मधोमध एकसारखा, कोरडा, निस्तेज पांढरा थर. मी तो बघितला आणि मला माझं मिठागर दिसलं.

“भावजी, इथून सरळ जाऊ.”

“दोरी हाय ना.”

“दोरी गावंढळांसाठी आहे. हे बघा, पांढरं झालंय. बसलंय ते. असल्या थरावर मी जन्म काढला.”

ते थांबले. “हे मीठ हाय का?”

“मीठ नसेल, पण बसलेलं आहे. रंग कळतो मला.”

“सारंगाने सांगितलंय, खारट्या. वाटेनं जाऊ. कुंड काय पळून जातंय?”

तेव्हा मी जे म्हटलं ते इतकी वर्षं माझ्या कानात आहे. मी म्हटलं, “चिखलात जन्म गेला तरी भातवाल्याला चिखलाची भीती?”

मेव्हण्याने केलेली थट्टा. तिला मागे हटून उत्तर देता येत नाही. ते हसले. “बरं. तुजं राज्य. तू पुढं हो.”

मी दोरीखालून गेलो. थर पायाखाली कुरकुरला, अगदी आमच्या मिठासारखा. मी मागे वळून त्यांना म्हटलंसुद्धा, “बघा!” मी तेव्हा हडकुळा होतो. ते माझ्या पावलांवर पाऊल टाकत येत होते, अंगाने माझ्या दीडपट. मी पलीकडच्या दोरीपर्यंत पोचलो होतो तेव्हा मागे पापड मोडल्यासारखा आवाज झाला.

आमच्या मिठाखालची जमीन आम्ही आमच्या पायांनी तुडवलेली असते. म्हणून पांढरं म्हणजे घट्ट. या थराखालची जमीन कुणीच तुडवलेली नव्हती. खाली उकळता चिखल होता. हे मला त्या क्षणी कळलं, आणि ते इतकं साधं होतं.

ते गुडघ्यापर्यंत आत गेले. ओरडले नाहीत. “खारट्या,” एवढंच म्हणाले, जणू मी हाकेच्या अंतरावर आहे की नाही ते बघत होते. मी पालथा पडून सरकत गेलो, कमरेचा पट्टा काढून फेकला. त्यांनी तो धरला. मी ओढलं. माझे तळहात आणि कोपरं भाजली, त्यांचे व्रण अजून आहेत, आणि लोक ते बघायला मागतात. ते मोठ्या कष्टाने पोटावर आले आणि मी त्यांना दोरीपर्यंत खेचलं. मग ते ओरडायला लागले.

सगळे धावत आले. रखवालदाराने बुटांचे बंद कापले. त्या पायांचं वर्णन मी करणार नाही. सारंग गुडघ्यांवर बसला होता, त्याने भावजींचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि त्याने माझ्याकडे बघून विचारलं, “दोरी कुणी ओलांडली?”

भावजींना शुद्ध नव्हती. मी म्हणालो, “हे गेले, चाचा. मी थांबा म्हणत होतो. मग मी ओढायला गेलो.”

विचार करून बोललो असंही म्हणता येत नाही. सारंगाचे गोदीच्या दारातले शब्द डोक्यात होते, आणि तोंडातून हे बाहेर पडलं. मालमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, शाबास. तेव्हापासून ते शाबास माझ्या मागे लागलं.

भावजी तिथल्या इस्पितळात राहिले आणि जहाज निघालं. मी त्यांच्या आधी कितीतरी महिने घरी पोचलो. एस.टी.तून उतरून थेट त्यांच्या गावी गेलो. मामा अंगणात उभे होते. बाय दारात होती. माझ्या हातांवरच्या पट्ट्या सुटल्या होत्या, कातडी नवी, गुलाबी होती. बायने ते हात धरले आणि ती रडली.

मामा म्हणाले, “पोरगा वाचला, तुज्यामुळं वाचला. पण तो दोरीपल्याड गेलाच कशाला? तो असा न्हाय.”

त्यांना आपला मुलगा माहीत होता. “तो असा नाही” हे त्यांनी दोनदा म्हटलं. मला उत्तर द्यायला हवं होतं, आणि नुसतं “गेले” म्हणून भागण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, “तिथे दोरीपल्याड देवीचं ठाणं होतं, मामा. बूट काढून लांबून नमस्कार करा म्हणून तिथला माणूस सांगत होता. भावजी बुटांसकट आत गेले.”

मी एवढं का जोडलं? ते पटावं म्हणून. देवीचं नाव घेतलं की आमच्याकडे पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, हे मला ठाऊक होतं. आणि झालंही तसंच. मामा खाली बसले. त्यांनी दोन्ही कानांना हात लावला आणि पुन्हा काही विचारलं नाही.

पण अंगणात शेजारीपाजारी जमले होते. चैत्र आला तेव्हा गावकी बसली. ज्याने देवीच्या ठाण्यात बूट घातले, आणि ज्याला देवीने पायांवर शिक्षा दिली, त्याच्या घराने पालखीला खांदा कसा द्यायचा? मामांनी वाद घातला नाही. मान त्यांच्या भाऊबंदांकडे गेला.

भावजी त्या जत्रेच्या थोडे आधी परतले. दोन कुबड्या, पायांची बोटं गेलेली. बंदरावर मी त्यांना घ्यायला गेलो होतो. वाटेत मी त्यांना काही सांगितलं नाही. घरी गेल्यावर त्यांना ते गावाकडून कळलं. मी वाट बघत होतो की आता ते बोलतील. ते बोलले नाहीत. ओट्यावर बसून ऐकलं सगळं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “व्हय. चुकलं माझं.”

जत्रेच्या दिवशी पालखी त्यांच्या अंगणात आली. रीतीप्रमाणे नाचवली गेली. पुढच्या दांडीला चुलतभावाचा खांदा होता. भावजी कुबड्यांवर दाराशी उभे होते. पालखी त्यांच्यापासून हातभर अंतरावर आली तेव्हा त्यांनी एक कुबडी बगलेत दाबून हात पुढे केला, दांडीला लावायला. चुलतभाऊ बाजूला सरकला. वाईटपणाने नव्हे, घाबरून. हात तसाच राहिला आणि मग त्यांनी तो खाली घेतला. मामा ओट्यावर नव्हते. ते मागच्या दारी गोठ्यात गुरांपाशी बसले होते.

त्याच संध्याकाळी देवळात, भर सभेत, गावाने मला नारळ आणि फेटा दिला. मी तो घेतला.

बायने मला एकदाच विचारलं, त्याच जत्रेनंतर. ती भांडी घासत होती. “तू खरं सांग. ह्यांनी बूट काढले न्हाईत?”

“नाही, बाय.”

“घरात येताना चप्पल दाराबाहेर सरळ करून ठेवणारा माणूस हाय त्यो,” ती म्हणाली, आणि घासत राहिली.

मी पुढची कितीतरी वर्षं जहाजावर होतो. सारंगाने मला बढती दिली, माझ्यावर विश्वास ठेवला. येता-जाता मी बायच्या घरी काहीबाही आणून द्यायचो, कापड, औषधं, एकदा भावजींना चामड्याचे खास शिवलेले बूट. ते त्यांनी कधी घातले नाहीत. पण मला पूर्वीसारखंच खारट्या म्हणायचे, आणि मला ते सोसायचं नाही.

साठ सालानंतर, मामा अंथरुणाला खिळले तेव्हा, मी ठरवून त्यांच्याकडे गेलो. आता सांगायचंच. दुपारची वेळ, घरात बाय नव्हती, ती शेतावर होती. भावजी उंबऱ्यात बसून टोपली विणत होते. शेतकाम होत नव्हतं म्हणून ते शिकले होते. मी मामांच्या उशाशी बसलो. म्हणालो, “मामा, त्या डोंगराबद्दल बोलायचं होतं.”

मामांनी माझा हात हातात घेतला, पालथा केला आणि त्यावरच्या व्रणांवरून अंगठा फिरवला. “तू व्हतास,” ते म्हणाले, “म्हणून माजा पोरगा समोर बसलाय. देवीने शिक्षा केली, पण तुला पाठवून दिलंन. मी रोज तुजं नाव घेतो.”

मी उंबऱ्याकडे बघितलं. भावजींचे हात थांबले होते. ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. ते फक्त बघत होते की मी काय करतो.

मी म्हणालो, “विश्रांती घ्या, मामा.”

भावजींनी मान खाली घातली आणि पुन्हा विणायला लागले. पावसाआधी मामा गेले, आपल्या मुलाने देवीच्या जागेत बूट घातले असं मानून.

दिवसकार्यानंतर भावजी मला सोडायला कुबडीवर रस्त्यापर्यंत आले. तिथे मी विचारलं, “तुम्ही का नाही कधी बोललात?”

“सुरवातीला तुजी नोकरी जाईल म्हणून. सारंग माजा न्हाय, तुजा माणूस व्हता. दोघं घरी बसून काय करणार व्हतो?” ते म्हणाले. मग कुबडी दुसऱ्या बगलेत घेतली. “नंतर वाटलं, तू सांगशील. त्या दिवशी तर वाटलंच, आता सांगतोय. मी मुद्दाम उठलो न्हाय.”

“भावजी—”

“जा. गाडी आली.”

त्यानंतर ते जवळजवळ पन्नास वर्षं जगले आणि हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. मीही काढला नाही. रोज एक दिवस उशीर होत गेला की सांगणं आणखी अवघड होतं, एवढंच माझं समर्थन. ते मलाही पुरत नाही.

ते गेल्यावर मी बायला सांगितलं. ती आता फार थकली आहे, ऐकायला कमी येतं, मला मोठ्याने सांगावं लागलं. दोरी मी ओलांडली. मी त्यांना डिवचलं. आणि बूट त्यांनी काढले होते.

“मामंजींना सांगितलं व्हतंस?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगतोस?” ती म्हणाली. “गावात सांग जा. देवळात.”

पुढे ती माझ्याशी बोलली नाही. सुनेने चहा आणून ठेवला तो मी तसाच सोडून आलो.

या चैत्रात जत्रेच्या तयारीची सभा होती तेव्हा मी देवळात जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. जुनी माणसं थोडीच उरली आहेत. पुष्कळांना वाटलं म्हातारा भरकटला. एकाने मला बसायला खुर्ची दिली. ज्यांच्याकडे आता मान आहे त्या भाऊबंदांतला एक तरुण उठून म्हणाला, “आजोबा, आमच्या तीन पिढ्यांनी पालखी उचलली. आम्ही कुणाची हिसकावली न्हाय. गावाने दिली, आम्ही घेतली.” त्याचं म्हणणं खरं होतं. गावकीने ठरवलं की पुढच्या सभेत बघू.

भावजींचा मुलगा मागे खांबाला टेकून उभा होता. तोही आता साठीच्या घरात आहे. लहानपणापासून शाळेत, जत्रेत, स्वतःच्या लग्नातसुद्धा त्याने बापाच्या बुटांची गोष्ट ऐकलेली. तो पुढे आला. मला वाटलं तो मला काही बोलेल, आणि बोलला असता तर बरं झालं असतं.

“मामा,” तो म्हणाला, “ते पालखीचं राहू दे. बाबांनी बूट काढले होते, ते परत सांगा.”

मी सांगितलं.

“मागे ऐकू गेलं नसेल,” तो म्हणाला. “जरा मोठ्याने.”

मी खुर्चीवरून उठलो आणि पुन्हा सांगितलं. त्यांनी खाली बसून बंद सोडले, दोन्ही बूट काढले, बाजूला ठेवले, आणि तापलेल्या जमिनीवर अनवाणी जाऊन हात जोडले.